शस्त्रवैद्य आंब्रवाज पारे

आपल्या नाभिक समाजाच्या वार्षिक स्मरणिकेत समाजातील कर्त्या पुरुषांची चरित्रे दरवर्षी येतात, आणि ते योग्यच आहे. यंदा मात्र सातासमुद्रापलीकडील एका पुरुषाचा परिचय ज्ञातिबांधवांना करून देण्याचे योजिले आहे. तो आपल्या देशाचा नव्हे, धर्माचा नव्हे की भाषेचाही नव्हे. परंतु त्याच्या हाती प्रथम जे शस्त्र आले, ते आपल्याच धोपटीतील होते. फ्रान्स देशात एका न्हाव्याच्या हाताखाली उमेदवारी करीत तो वाढला आणि पुढे चार राजांचा शस्त्रवैद्य झाला. आधुनिक शस्त्रक्रियेच्या जनकांमध्ये आज जग त्याची गणना करते. त्याचे नाव आंब्रवाज पारे.

त्या काळी युरोपात रोग्यांवर उपचार करणाऱ्यांच्या तीन पायऱ्या होत्या. सर्वांत वर विद्यापीठात शिकलेले वैद्य. ते लॅटिन ग्रंथ वाचीत, रोगनिदान करीत, औषध सांगत. पण जखमेला हात लावणे त्यांना कमीपणाचे वाटे. त्यांच्या खाली पॅरिस येथील संत कोम यांच्या नावाने चालणाऱ्या मंडळाचे शस्त्रवैद्य. लांब झगा ही त्यांची खूण. सर्वांत खाली न्हावी-शस्त्रवैद्य. दाढी करणे, शीर तोडून रक्त काढणे, गळू फोडणे, जखम बांधणे ही सारी कामे त्यांच्याकडे असत. आपल्याकडेही गावोगावी हजामतीबरोबर गळवे कापण्याचे व तुंबड्या लावण्याचे काम आपल्या वाडवडिलांनीच केले. गरज सर्वांना आणि मान कोणाचाच नाही, ही स्थिती दोन्हीकडे सारखीच होती.

पारेचा जन्म इ. स. १५१० च्या सुमारास, लाव्हाल गावाजवळील एका खेड्यात झाला. घर साधे, शिक्षण बेताचे. लॅटिन त्याला कधीच नीट आले नाही, आणि ही उणीव जन्मभर त्याच्या शत्रूंच्या हातातील शस्त्र ठरली. पॅरिसला आल्यावर ओतेल-द्यू या धर्मार्थ रुग्णालयात त्याने सुमारे तीन वर्षे काम केले. तेथील गोरगरिबांच्या खाटांच्या ओळी हेच त्याचे विद्यापीठ. ग्रंथात रोग एकच दिसतो, खाटेवर मात्र प्रत्येक रोगी निराळा असतो, हे तो तेथे शिकला.

इ. स. १५३६-३७ मध्ये फ्रेंच सैन्य इटलीतील तुरीनवर चालून गेले, तेव्हा मार्शल मोंतजाँ या सेनानीच्या पदरी शस्त्रवैद्य म्हणून पारे प्रथमच रणभूमीवर गेला. वाटेत एका तबेल्यात त्याला काही सैनिक आढळले; दारूच्या भडक्याने त्यांचे चेहरे ओळखू येत नव्हते. एका वृद्ध शिपायाने हे बरे होतील काय असे विचारले. पारेने नाही म्हणताच त्या शिपायाने शांतपणे एकेकाचा गळा चिरला. पारेने संतापून त्याची निर्भर्त्सना केली. तेव्हा, आपली अशी दशा झाल्यास आपल्यालाही कोणी असेच सोडवावे हीच आपली देवाजवळ प्रार्थना, असे त्या वृद्धाने उत्तर दिले. जखमी शिपायाला याहून अधिक काही देता येत नाही, ही त्या काळच्या वैद्यकाची सीमा होती. पारेचे पुढील आयुष्य ती सीमा मागे रेटण्यात गेले.

बंदुकीच्या जखमा तेव्हा नव्याच होत्या. दारूमुळे जखमेत विष भिनते आणि ते जाळण्यासाठी एल्डर नावाच्या झाडाचे उकळते तेल जखमेत ओतावे, असे मत जोव्हान्नी दा व्हिगो या नामवंत शस्त्रवैद्याने ग्रंथात मांडले होते. पारेनेही प्रथम तेच केले. पण जखमींची संख्या इतकी झाली की तेल संपले. निरुपायाने त्याने अंड्याचा पिवळा बलक, गुलाबाचे तेल आणि टर्पेंटाइन यांचे मिश्रण उरलेल्यांच्या जखमांना लावले. त्या रात्री त्याला झोप आली नाही. न जाळलेले शिपाई सकाळी विषाने मेलेले आढळतील, या धास्तीने तो पहाटेच उठला. पाहतो तो प्रकार उलटाच! मिश्रण लावलेल्यांच्या वेदना थोड्या, सूज नाही, रात्रभर विश्रांती मिळालेली. तेलाने जाळलेले मात्र ज्वराने फणफणलेले आणि जखमेभोवती सुजलेले. यापुढे बंदुकीच्या जखमा अशा निर्दयपणे जाळावयाच्या नाहीत, असा त्याने त्याच दिवशी निश्चय केला.

तेल संपणे हा योगायोग होता. परंतु तसे योगायोग शेकडो शस्त्रवैद्यांच्या वाट्याला आले असतील. दोन्ही प्रकारचे रोगी शेजारी शेजारी पाहून त्यातून निष्कर्ष काढणारा विरळाच. ही दृष्टी पारेने पुढे जाणीवपूर्वक वापरली. मोंतजाँच्या मुदपाकखान्यातील एक पोऱ्या उकळत्या तेलाच्या कढईत पडला. त्याच्यासाठी औषध आणावयास पारे गेला असता, मीठ घालून ठेचलेला कच्चा कांदा लावावा, असे एका खेडवळ म्हातारीने सुचविले. पारेने तो काही भागावर लावला, काही भागावर लावला नाही. कांदा लावलेल्या जागी फोड आले नाहीत, इतरत्र आले. पुढे एका जर्मन शिपायाचे तोंड बंदुकीच्या दारूने भाजले, तेव्हा अर्ध्या तोंडाला कांदा व अर्ध्याला नेहमीचे औषध लावून त्याने पुन्हा पडताळा घेतला. कांद्याच्या गुणाविषयी आजचे वैद्यक काहीही म्हणो. एकाच रोग्याच्या दोन अंगांवर दोन उपचार करून फरक पाहण्याची ही रीत संशोधनाची होती. आणि अशिक्षित म्हातारीचा सल्ला तपासून पाहण्यास त्याला लाज वाटली नाही, हेही ध्यानात ठेवावे.

तुरीन येथे जखमांवरील मलमासाठी प्रसिद्ध असा एक शस्त्रवैद्य होता. त्याचे गुपित कळावे म्हणून पारेने दोन वर्षे त्याची मनधरणी केली, त्याला नजराणे दिले. अखेर कळले ते असे की, ते मलम कुत्र्याची नुकतीच जन्मलेली पिले आणि गांडुळे तेलात उकळून केलेले होते! आज आपण हसू. परंतु महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. मोठ्या प्रयासाने मिळालेले ते गुपित पारेने आपल्या मुठीत ठेवले नाही. जगाला सांगून टाकले. इ. स. १५४५ मध्ये बंदुकीच्या जखमांवरील त्याचा पहिला ग्रंथ प्रसिद्ध झाला, तोही लॅटिनमध्ये नव्हे, तर लोकांच्या फ्रेंच भाषेत. शीर तोडणाऱ्या साध्या न्हाव्यालाही तो वाचता येत होता.

त्याचे दुसरे मोठे कार्य अवयव कापण्याच्या शस्त्रक्रियेतील होय. हात किंवा पाय कापल्यावर रक्त थांबविण्यासाठी त्या जागी तापवून लाल केलेल्या लोखंडाचे डाग देत. वेदना अमानुष, आणि डागाची खपली निघताच पुन्हा रक्त वाहू लागे ते निराळेच. इ. स. १५५२ मध्ये दाँव्हिये येथील वेढ्यात पारेने एका अंमलदाराचा पाय कापला, पण डाग दिला नाही. कावळ्याच्या चोचीसारख्या चिमट्याने रक्तवाहिनीचे तोंड बाहेर ओढून ते त्याने दोऱ्याने बांधले. रोगी वाचला. रक्तवाहिन्या बांधण्याची कल्पना प्राचीनांना ठाऊक होती, हे पारे स्वतःच सांगतो. अवयव कापताना ती वापरण्याचे धैर्य त्याचे. इ. स. १५६४ च्या ग्रंथात त्याने ही रीत सविस्तर दिली. ती सर्वत्र रूढ होण्यास मात्र फार काळ लागला. रक्तप्रवाह थोपवून धरणारा पेचदार आवळपट्टा अठराव्या शतकात आला, आणि जखमा सडू न देण्याची लिस्टरची पद्धत एकोणिसाव्या.

त्याच वर्षी, म्हणजे १५५२ मध्ये, मेत्झ शहराला बादशहा पाचव्या चार्ल्सचा वेढा पडला होता. आतील जखमी भराभर मरू लागले, तेव्हा तेथील सेनापतीने राजाकडे पारेची मागणी केली. शत्रूच्या एका अधिकाऱ्याला पैसे चारून, डिसेंबरच्या एका मध्यरात्री पारेला औषधांसह शहरात पोचविण्यात आले. त्याला पाहून शिपायांना असे वाटले की, आता जखम झाली तरी आपण मरणार नाही. मृत्यूच्या दारातील माणसाला असा विश्वास वाटावा, याहून मोठी पदवी शस्त्रवैद्याला कोणती?

पदव्यांची गोष्ट मात्र इतकी सरळ नव्हती. राजाच्या मर्जीमुळे १५५४ मध्ये संत कोमच्या मंडळाने लॅटिन न येणाऱ्या या न्हाव्याला आपल्यात घेतले. परंतु १५७५ मध्ये त्याचे समग्र ग्रंथ प्रसिद्ध होताच पॅरिसच्या वैद्यकीय विद्यापीठाने विक्री थांबविण्याची खटपट केली. विद्यापीठाच्या संमतीवाचून वैद्यकावर लिहिण्याचा याला अधिकार काय, हा आक्षेप. तेथील एक प्रमुख, गुर्मेलाँ, याने रक्तवाहिन्या बांधण्याच्या रीतीवरही टीका केली. इ. स. १५८५ मध्ये पारेने त्याला उत्तर दिले. ते देताना त्याने आपल्या सर्व मोहिमांचा वृत्तांतच मांडला: कोठे, कोणावर, काय केले आणि त्याचे फळ काय. पोथीला त्याने अनुभवाने उत्तर दिले. गंमत अशी की, १५८२ मध्ये त्याच्याच शिष्याने त्याचे ग्रंथ लॅटिनमध्ये आणले होते.

त्याचे सर्वच वर्तन आज आपल्याला रुचेल असे नाही. बेझोर, म्हणजे आपल्याकडे ज्याला जहरमोहरा म्हणत, तो खडा सर्व विषांवर उतारा आहे असा समज होता. पारेला तो मान्य नव्हता. तेव्हा नवव्या चार्ल्स राजाच्या आज्ञेने, चोरीबद्दल फाशीची शिक्षा झालेल्या एका आचाऱ्याला, वाचल्यास सुटका या अटीवर विष व त्यावर तो खडा देण्यात आला. तो तडफडून मेला. समज खोटा ठरला, पण एका माणसाचा बळी देऊन. १५८२ मध्ये ममी व एकशृंगाचे शिंग या महागड्या औषधांवरही पारेने टीका केली. उलटपक्षी, विचित्र जन्मांविषयीच्या अनेक भाकडकथा त्याने खऱ्या मानल्या. तो आपल्या काळाचाच माणूस होता.

इ. स. १५६१ मध्ये घोड्याच्या लाथेने त्याच्याच पायाची दोन्ही हाडे मोडून कातडीबाहेर आली. अशा वेळी पाय कापण्याचीच रीत होती. त्याने तो न कापता बरा करून घेतला. ज्यांचे अवयव गेले, त्यांच्यासाठी त्याने एका लोहार-कारागिराकडून बोटे हलणारे लोखंडी हात करविले आणि त्यांची चित्रे ग्रंथात छापली. यशाचे श्रेय मात्र तो घेत नसे: आपण केवळ जखम बांधली, बरे करणारा परमेश्वर, अशी त्याची भावना होती. २० डिसेंबर १५९० रोजी पॅरिस येथे त्याने देह ठेवला.

बांधवहो, हे चरित्र सांगण्याचा हेतू केवळ अभिमान मिरविण्याचा नाही. आपल्या वाडवडिलांच्या हातांतही गुण होता. कोणते गळू केव्हा कापावे, रक्त कसे थांबवावे, हे त्यांना ठाऊक होते. परंतु ते ज्ञान बापाने मुलाच्या कानात सांगितले, आणि जेथे मुलगा नव्हता तेथे ते चितेवर जळाले. कोणी ते लिहिले नाही, म्हणून त्यातील खरे किती आणि खोटे किती हे तपासताही आले नाही. पारेजवळ आपल्याहून अधिक असे काय होते? वस्तरा तोच, तुच्छतेने पाहणारा समाजही तसाच. त्याने पाहिले, पडताळले, आणि जे कळले ते आपल्या भाषेत लिहून सर्वांसाठी खुले केले. एवढाच काय तो फरक. आज आपली मुले वैद्यकीय महाविद्यालयांत जात आहेत. त्यांनी आणि दुकान सांभाळणाऱ्या त्यांच्या बंधूंनीही, आपल्या हाताला जे कळते ते कागदावर उतरवावे. धोपटीला कमीपणा नसतो. तिच्यातील ज्ञान न लिहिता मरू देण्यात तो असतो.