शिकविण्याआधी शिकणे: पंडिता रमाबाईंचा धडा

पंडिता रमाबाईंचे नाव घेताच केडगावचे मुक्तिसदन आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. शिक्षक कोणी व्हावे व त्याची तयारी कशी व्हावी, या प्रश्नाचा त्यांनी जन्मभर घेतलेला ध्यास मात्र आपल्या स्मरणातून निसटतो.

सन १८८२. रमाबाई चोवीस वर्षांच्या होत्या. त्याच वर्षी पती निवर्तले होते आणि पदरी तान्ही मनोरमा होती. अशा स्थितीत पुण्यास येऊन त्यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे मराठीतून साक्ष दिली. मुलींसाठी शाळा हव्यात, एवढे सांगून त्या थांबल्या नाहीत. शिक्षिका होऊ इच्छिणारीला स्वभाषेचे चांगले ज्ञान व इंग्रजीचा परिचय असावा, तिचे आचरण शुद्ध असावे, घराणे प्रतिष्ठित असावे. शिक्षणकाळात तिला भरपूर शिष्यवृत्ती मिळावी व ती विद्यालयाच्या आवारातच राहावी. पुढे तिला मुलांच्या शिक्षकांहून अधिक वेतन असावे, असे त्यांनी मांडले. अपेक्षा कठोर, पण मोबदलाही तोलामोलाचा! या दोन गोष्टी त्यांनी कधी वेगळ्या केल्या नाहीत.

मग ही कसोटी त्यांनी प्रथम स्वतःला लावली. वडील अनंतशास्त्री व आई लक्ष्मीबाई यांच्यापाशी त्या संस्कृत शिकल्या होत्या. कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना पंडिता म्हणून गौरविले होते. तरी १८८३ साली त्या विद्यार्थिनी म्हणून इंग्लंडला गेल्या. त्याच वर्षी वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. वैद्यकीय शिक्षण घेण्याचा त्यांचा मानस होता; परंतु श्रवणशक्ती क्षीण झाल्याने ती वाट बंद झाली. येथे थोडे थांबा, वाचकहो. शिक्षिकेचे काम त्यांच्याकडे दुसरी वाट म्हणून आले, तरी त्यांनी ते दुय्यम मानले नाही. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या संस्कृत शिकवीत आणि स्वतः इतर विषय शिकत. १८८६ साली अमेरिकेस गेल्यावर फिलाडेल्फियात त्यांनी फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीचे शिक्षण घेतले व मराठी मुलांसाठी क्रमिक पुस्तके तयार केली. ज्यांना पंडितांच्या सभेने मान दिला, त्या लहानग्यांना कसे शिकवावे हे शिकत बसल्या!

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. विधवांनी शिकून स्वावलंबी व्हावे व त्यांच्यातून शिक्षिका घडाव्यात, हा त्याचा हेतू. पुढे दुष्काळाने शेकडो निराधार मुली त्यांच्या दारी आणल्या. तेव्हा सदनात शिकून तयार झालेल्या मुलीच नव्या मुलींना सांभाळू व शिकवू लागल्या. १८८२ च्या साक्षीतील घराण्याची अट येथे आपोआप गळून पडली; ज्ञानाची, शीलाची व तयारीची अट मात्र कायम राहिली. रमाबाईंनी ती शिथिल केली नाही, तिच्यापर्यंत पोहोचण्यास मुलींना हात दिला. पुढे बायबलचे भाषांतर हाती घेतले, तेव्हाही मूळ भाषांसाठी त्या इब्री व ग्रीक शिकल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूकडे गेल्या.

आता आपण स्वतःस विचारू या. अन्यत्र प्रवेश न मिळालेल्या मुलाला आपण सहज सांगतो की, निदान शिक्षक तरी हो. शब्बाथशाळेचा वर्गही जो कोणी मोकळा असेल त्याच्या हाती देतो. अध्यापक विद्यालयातील प्रवेशाच्या वेळी आपल्या समाजाचा आहे म्हणून गुणवत्तेकडे काणाडोळा करावा, अशी गळही आपण घालतो. याकोबाच्या पत्रात शिकविणाऱ्यांसाठी जो अधिक कडक न्याय सांगितला आहे, त्याची आठवण तेव्हा आपल्याला होत नाही.

आपल्या मंडळीतील एखादी हुशार पण गरीब मुलगी शिक्षिका होऊ इच्छीत असेल, तर तिच्यासाठी चिठ्ठी लिहून देण्यापेक्षा तिच्या दोन वर्षांच्या शिक्षणाचा खर्च मंडळीने उचलावा. रमाबाईंचे स्मरण त्याने अधिक खरे होईल.