हळदोण्याचे चिक चॉकलेट आणि चालीखालचे स्वर

१९५१ साली प्रदर्शित झालेल्या ‘अलबेला’ या चित्रपटातील ‘दीवाना परवाना’ हे गीत पाहताना नजर भगवानदादा आणि गीता बाली यांच्यावरच खिळते. त्यांच्या मागे झालरीच्या बाह्यांचे सदरे घातलेला एक वाद्यवृंद आहे आणि त्यात ट्रम्पेट घेतलेला एक सावळा, हसतमुख माणूस आहे. पडद्यावर वादकांची नक्कल करणारे ते नट नव्हेत. तो मुंबईतील त्या काळचा एक नामांकित जॅझ बँड होता आणि ट्रम्पेटवाल्याचे नाव होते आंतोनियो झेवियर वाझ. मुंबईचे हॉटेलजग त्यांना चिक चॉकलेट म्हणून ओळखत असे. जन्म १९१६ चा, गाव बार्देशातील हळदोणे.

त्या काळच्या गोव्यात गरीब ख्रिस्ती घरातील मुलाला संगीत शिकण्यासाठी पैसे मोजावे लागत नसत. चर्चच्या शाळेत गावचे मेस्त सोल्फा शिकवीत, व्हायोलिन हाती देत आणि पाच रेघांवरची स्वरलिपी वाचायला लावत. हेतू एवढाच, की सणाच्या मिसेला आणि लादाइनीला गायक-वादक कमी पडू नयेत. परंतु या शिक्षणात एक गोष्ट आपोआप अंगी मुरत असे. एक आवाज चाल धरतो तेव्हा दुसरा त्याच्या खाली वेगळ्या स्वरावर चालतो आणि दोघांचे जमले तरच गाणे उभे राहते, हे त्या मुलांना पुस्तकातून कळावे लागत नसे. मांडोही दोन आवाजांत गायिला जातो. आपल्या रागसंगीतात चाल हीच सर्वस्व. तिच्याखाली षड्ज-पंचमाचा आधार असतो, पण तिच्या बरोबरीने पावले टाकणारी दुसरी स्वरपंक्ती नसते. हळदोण्याच्या मुलाच्या कानात ती पंक्ती लहानपणापासून होती.

आईची इच्छा मुलाने मेकॅनिक व्हावे अशी होती. त्यात गैर काही नव्हते. पोर्तुगीज राजवटीत गोव्यात रोजगार तो किती! तरुणांनी मुंबई गाठायची, धोबीतलावच्या परिसरात आपल्या गावाच्या कुडीत पेटी ठेवायची आणि बोटीवर, हॉटेलात वा कचेरीत काम शोधायचे, हा ठरलेला मार्ग होता. वाद्य वाजवता येणाऱ्यांना मात्र आणखी एक दार उघडे होते. १९३५ साली लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकी वादकांचा बँड ताजमहाल हॉटेलात आला आणि मुंबईने प्रत्यक्ष जॅझ ऐकले. पाठोपाठ क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफर्ड यांच्यासारखे कलावंत आले. यांच्या पंगतीला बसायचे तर कागदावरचे संगीत झरझर वाचता यायला हवे होते आणि ते गोव्याच्या पोरांना येत होते.

वाचता येणे ही अर्धीच विद्या होती. स्विंगची झुलती लय कागदावर उतरत नाही. एका मात्रेत दोन समान स्वर लिहिलेले असले, तरी वाजवताना पहिला लांबतो आणि दुसरा आखडतो. मात्रेचे तीन भाग कल्पून दोन पहिल्याला व एक दुसऱ्याला दिले, तर त्या झुलण्याचा साधारण अंदाज येतो. अर्थात खरा वादक असे मोजत बसत नाही. ही लय कानानेच घ्यावी लागते आणि तेव्हाचा गुरू म्हणजे तीन मिनिटांची तबकडी. सुई पुन्हा पुन्हा मागे ठेवायची, एकदा ट्रम्पेट ऐकायचा, एकदा केवळ सॅक्सोफोन, एकदा नुसता बास. वाझ यांचा आदर्श होता लुई आर्मस्ट्राँग. त्यांनी आर्मस्ट्राँग यांचा घोगरा स्वर उचलला आणि रंगमंचावरच्या लकबीही उचलल्या. लोकांनी त्यांना भारताचा लुई आर्मस्ट्राँग ठरवून टाकले.

या बिरुदाने त्यांना प्रसिद्धी दिली, पण माझ्या मते त्यांचे नुकसानही तितकेच केले. नकलाकाराला टाळ्या मिळतात, रचनाकाराचा मान मिळत नाही. ‘स्पॉटलाइट्स’ या बँडमधून पुढे आलेल्या वाझ यांनी १९४५ च्या सुमारास ‘चिक अँड द म्युझिक मेकर्स’ हा स्वतःचा ताफा उभा केला आणि ताजला लागून असलेल्या ग्रीन्स हॉटेलातील काम मिळवले. आज तिथे ताजचा मनोरा उभा आहे. असा ताफा चालवणाऱ्या म्होरक्याला केवळ फुंकता येऊन भागत नाही. गाजलेले एखादे गीत आपल्या माणसांत कसे वाटायचे, चाल कोणाकडे द्यायची, तिच्याखाली कोण काय धरील, मधल्या रिकाम्या जागेत कोण बोलेल, हे सर्व त्याला ठरवावे लागते.

याला ‘अरेंजमेंट’ म्हणतात, आणि तिची अवघड बाजू समजून घ्यायची असेल तर गिटारवर एखादे स्विंग गीत ‘कॉर्ड मेलडी’ पद्धतीने बसवू पाहणाऱ्या विद्यार्थ्याकडे पाहावे. फॅट्स वॉलर यांचे १९२९ चे ‘हनीसकल रोझ’ घ्या. बत्तीस मापांची रचना. आठ मापांचा एक भाग दोनदा, मग आठ मापांचा वेगळा भाग, मग पुन्हा पहिला. चाल एका तारेवर वाजवणे चार दिवसांचे काम. पण कॉर्ड मेलडीत चाल, तिच्याखालचे कॉर्ड आणि शक्य तेथे बासही एकाच हाताने सांभाळायचा असतो. तारा सहा, बोटे चार. म्हणून चालीचा स्वर नेहमी वरच्या तारेवर ठेवायचा, म्हणजे तो कानाला सर्वांत आधी लागतो. त्याच्याखाली कॉर्डमधले सगळे स्वर कोंबायचे नाहीत. तिसरा आणि सातवा एवढे दोन धरले तरी कॉर्डची ओळख पटते, मूळ स्वर बासवाल्यासाठी सोडून देता येतो. नवशिक्या हमखास चुकतो तो येथे. तो प्रत्येक स्वराखाली पूर्ण कॉर्ड मारतो आणि गाणे दगडासारखे जड होते. जाणकार चालीचा स्वर लांबवून ठेवतो आणि खालचा एखादाच स्वर अर्ध्या पायरीने सरकवतो. त्या सरकण्यातच गाणे हलते.

बँडमध्ये हेच काम दहा-बारा माणसे मिळून करतात. तेथे गिटारच्या वाट्याला सहसा चाल येत नसे. काउंट बेसी यांच्या ताफ्यातील फ्रेडी ग्रीन यांच्याप्रमाणे मापात चार ठोके देत राहणे, एवढाच त्याचा धर्म. पण आज एकटा गिटारवादक सहा तारांवर ज्या निवडी करतो, त्याच निवडी चिक यांना ट्रम्पेट, सॅक्सोफोन, पियानो आणि बास समोर ठेवून कराव्या लागत. काय ठेवायचे, याहून काय गाळायचे, हाच दोन्हीकडे मुख्य प्रश्न असतो.

ही विद्या हिंदी चित्रपटात पोहोचली ती एका मराठी संगीतकाराच्या मार्फत. पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, यांनी १९४७ च्या ‘शहनाई’तच पाश्चात्त्य ठेक्याची चव प्रेक्षकांना लावली होती. हार्मोनियमवर चाल बांधण्यात त्यांचा हात धरणारा विरळाच. ती चाल वाद्यवृंदासाठी मांडायला स्वरलिपी आणि हार्मनी जाणणारी माणसे हवी होती आणि ती मुंबईच्या हॉटेलांत रोज रात्री वाजवत होती. चिक चॉकलेट त्यांचे साहाय्यक झाले. ‘समाधी’ (१९५०) आणि ‘अलबेला’ यांतील नाचती गाणी ऐकताना ट्रम्पेटचे मधले तुकडे वगळून पाहावेत. चाल तीच उरते, पण तिच्या अंगातला तोरा जातो. १९५७ च्या ‘आशा’तील ‘ईना मीना डीका’मध्ये तर कोकणी शब्दही येऊन बसले, हे गोव्यातल्या श्रोत्याला वेगळे सांगायला नको.

हॉटेलातून स्टुडिओकडे जाणे हा केवळ आवडीचा भाग नव्हता. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने नाचगाण्याच्या रात्री ओसरू लागल्या. बँडवाल्यांना दिवसाचे काम शोधणे भाग पडले आणि ते चित्रपटाने दिले. पण तेथे संगीतकार एक आणि बाकीचे साहाय्यक अशी व्यवस्था होती. पूर्वी लाहोरला बँड चालवणारे बार्देशचेच सेबॅस्टियन डिसोझा फाळणीनंतर मुंबईत आले आणि ओ. पी. नय्यर व शंकर-जयकिशन यांच्या असंख्य गाण्यांची मांडणी त्यांनी केली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवले, म्हणून १९७७ मध्ये एका नायकाच्या तोंडी त्यांचे नाव आले. एरवी तेही किती जणांना ठाऊक झाले असते, सांगवत नाही.

चिक यांनी स्वतंत्रपणे संगीत दिलेले चित्रपट हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यांतला ‘नादान’ १९५१ चा, म्हणजे ‘अलबेला’च्याच वर्षाचा, देव आनंद आणि मधुबाला यांचा. त्यातील तलत महमूद यांचे ‘आ तेरी तस्वीर बना लूँ’ हे गीत ज्यांनी ऐकले आहे, त्यांना ते कोणा ट्रम्पेटवाल्याचे आहे असे वाटणारच नाही. त्यात गोंगाट नाही, आर्मस्ट्राँग तर नाहीच नाही. तलत यांच्या कंपित आवाजाला पुरेशी मोकळी जागा ठेवून वाद्ये अदबीने मागे उभी आहेत. ज्याला केवळ नक्कल येते, त्याच्या हातून अशी चाल होत नाही. असे असताना निर्मात्यांनी त्यांना पुढे फार काम का दिले नसावे, हा प्रश्न मनात राहतोच. पडद्यावर ट्रम्पेट घेऊन शोभणारा माणूस विरहगीतही रचू शकतो, हे बहुधा त्यांच्या पचनी पडले नसावे. सी. रामचंद्र यांच्याविषयी मात्र एवढे म्हटले पाहिजे, की ज्या काळात वादकाचा चेहरा कोणी दाखवत नसे, त्या काळात त्यांच्या गीतात चिक आणि त्यांचा बँड आपल्या वाद्यांसह पडद्यावर दिसला.

मुंबईतील या जॅझ-पर्वाची सविस्तर हकिकत नरेश फर्नांडिस यांनी ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ या पुस्तकात मांडली, ती २०१२ मध्ये. तोवर चिक चॉकलेट हे नाव जुन्या तबकड्या जमवणाऱ्यांपुरतेच उरले होते.

पडद्यावर ते आणखी एकदा दिसले. १९६६ च्या ‘आखरी खत’मध्ये, चेतन आनंद यांच्या दिग्दर्शनाखाली आणि खय्याम यांच्या संगीतात, एका नाइट क्लबच्या दृश्यात भूपिंदर सिंग गात आहेत. पुढे हेच भूपिंदर गिटारवादक म्हणूनही नावाजले. त्यांच्या गाण्याच्या आगेमागे ट्रम्पेट बोलतो तो चिक यांचा. पन्नाशीला टेकलेला तो माणूस त्या दृश्यात कोणाचीही नक्कल करीत नाही. चाल गायकाकडे आहे आणि तो आपली जागा येईपर्यंत थांबून राहतो. पुढल्या वर्षी, १९६७ च्या मे महिन्यात, त्यांचे निधन झाले.