आटपाट नगराला रंग देणारे धुरंधर : श्रावणातल्या कहाण्यांच्या चित्रकाराची गोष्ट

लोधीखेडा : आपल्या भागात श्रावण दोनदा लागतो. हिंदी भाषक शेजाऱ्यांचा सावन पौर्णिमा झाली की सुरू होतो. मराठी घरांचा श्रावण त्यानंतर पंधरा दिवसांनी, अमावस्या उलटल्यावर. लोधीखेडा, सौंसर, पांढुर्णा या पट्ट्यात एकाच गल्लीत एका घरी सावन सोमवारचा उपास असतो आणि भिंतीला भिंत लागून असलेल्या दुसऱ्या घरी अजून आषाढच चालू असतो. मग दिव्यांची अवस येते. घरातले दिवे घासूनपुसून मांडले जातात. जिवतीचा छापील कागद देवाजवळ चिकटवला जातो. त्या कागदावर लेकुरवाळी जिवती असते, हत्तीवरचा बुध असतो, वाघावरचा बृहस्पती असतो. आणि मग वाराप्रमाणे कहाण्या सुरू होतात.

या कहाण्यांमधली माणसं कधीकाळी एका मोठ्या मराठी चित्रकाराने रंगवली होती, हे मात्र फार थोड्या घरांना माहीत आहे. त्यांचं नाव महादेव विश्वनाथ धुरंधर. ज्या पुस्तकासाठी त्यांनी ही चित्रं काढली, ते निघालं १९१४ साली, आणि तेही लंडनहून, इंग्रजीत. कहाण्या आपल्या, चित्रकार आपला, पण पुस्तक आपल्या घरात आलंच नाही. त्या चित्रकाराची ही गोष्ट.

कोल्हापूर ते मुंबई

धुरंधरांचा जन्म १८ मार्च १८६७ रोजी कोल्हापूरचा. घर पाठारे प्रभूंचं. शाळा कोल्हापुरातच झाली. त्या काळी चित्रकला हे पोटापाण्याचं साधन समजलं जात नसे. नोकरी करायची ती कचेरीत, असा सरळ हिशेब होता. पण कोल्हापूर संस्थानात कलेची हवा होती. याच गावचे आबालाल रहिमान त्यांच्याआधी मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून आले होते.

१८९० साली धुरंधर जे. जे. स्कूलमध्ये दाखल झाले. वय तेवीसच्या आतबाहेर. तेव्हा जॉन ग्रिफिथ्स हे स्कूलचे प्रमुख होते. अजिंठ्याच्या लेण्यांतल्या चित्रांच्या नकला विद्यार्थ्यांकडून करवून घेणारे ते हेच ग्रिफिथ्स. शिस्त कडक. समोर माणूस बसवायचा आणि जसा दिसतो तसा काढायचा. हाताचं हाड कुठे वळतं, सावली कुठे पडते, कापडाची घडी कुठून सुरू होते, सगळं नजरेने तपासून. धुरंधरांचा हात या शिस्तीत तयार झाला. ग्रिफिथ्स यांची मर्जीही त्यांच्यावर बसली.

चित्र दाखवायचं कुठे?

आज एखाद्या पोराने जलरंगात राजकन्या काढली की आई फोटो काढते, नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकते आणि दहा मिनिटांत अंगठे येतात. धुरंधरांच्या वेळी चित्र चारचौघांपुढे ठेवायची जागा म्हणजे प्रदर्शन. मुंबईत बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ साली सुरू झाली होती. दरवर्षी तिचं प्रदर्शन भरायचं. चित्र निवडणारे आणि बक्षीस ठरवणारे बहुतेक इंग्रज साहेब. बघायला येणारेही अधिकारी, व्यापारी, शहरातले प्रतिष्ठित लोक. भिंतीवर इंग्रज चित्रकारांच्या शेजारी हिंदी विद्यार्थ्याचं चित्र लागायचं. तिथे पास झालं तर नाव, नाही तर चित्र बगलेत मारून परत.

धुरंधर तिथे नेमाने चित्रं पाठवत राहिले. बक्षिसं मिळत गेली. १८९५ साली सोसायटीचं सुवर्णपदक त्यांना मिळालं. जे. जे. मधल्या एका हिंदी विद्यार्थ्याला असं पदक मिळणं ही तेव्हा मोठी गोष्ट होती. पुढच्याच वर्षी, १८९६ ला, ते त्याच शाळेत शिक्षक म्हणून रुजू झाले. जिथे शिकले तिथेच शिकवायला लागले आणि तिथूनच निवृत्त झाले.

नोकरी सांभाळून त्यांचं बाहेरचं काम अफाट होतं. पौराणिक चित्रं, ऐतिहासिक चित्रं, छापील देवादिकांची चित्रं, पोस्टकार्डं, जाहिराती, पुस्तकांतली चित्रं. मुंबईच्या रस्त्यावरचा माणूस त्यांनी जितका काढला तितका क्वचितच कुणी काढला असेल. लग्नाची वरात, देवळाची पायरी, बाजारातली भाजीवाली, पाणी भरणारी बाई, टांगेवाला. दिसलं की वहीत उतरवायचं, ही सवय त्यांना पुढे कहाण्यांच्या कामी आली.

साहेबाचं पुस्तक, आपल्या कहाण्या

चार्ल्स ऑगस्टस किंकेड हे मुंबई इलाख्यातले आयसीएस अधिकारी. मराठी मुलखाचा त्यांना नाद होता. पुढे द. ब. पारसनीस यांच्यासोबत त्यांनी मराठ्यांचा इतिहास इंग्रजीत लिहिला. या किंकेडनी श्रावणातल्या आणि इतर व्रतांच्या कहाण्या इंग्रजीत उतरवल्या. पुस्तकाचं नाव ठेवलं ‘डेक्कन नर्सरी टेल्स’. मॅकमिलन कंपनीने ते १९१४ ला छापलं. पुस्तक किंकेडनी आपल्या छोट्या मुलाला, डेनिसला, अर्पण केलं. आणि चित्रांसाठी नाव छापलं एम. व्ही. धुरंधर.

पुस्तकात वीस गोष्टी आहेत. सुरुवात रविवारच्या कहाणीने, मग सोमवार, मंगळवार असं शनिवारपर्यंत. पुढे नागोबा, सोमा धोबीण, दिव्यांची अवस वगैरे. आपल्याकडच्या कुठल्याही आजीला यातल्या निम्म्या तरी गोष्टी तोंडपाठ असतील.

सोमवारची कहाणी म्हणजे खुलभर दुधाची. राजाला महादेवाचा गाभारा दुधाने भरायचा असतो. हुकूम सुटतो, गावातलं सगळं दूध देवळात येतं, तरी गाभारा भरत नाही. एक म्हातारी मात्र आधी वासरांना पाजते, लेकरांना देते, घरच्यांचं पोट भरते आणि उरलेलं खुलभर दूध घेऊन जाते. तेवढ्याने गाभारा भरतो. शुक्रवारची कहाणी जिवतीची. राणीला मूल नसतं म्हणून सुईण एका गरीब बाईचं बाळ चोरून राजवाड्यात नेते. त्या बाईला काहीच कळत नाही, पण ती दर शुक्रवारी जिवतीची पूजा करते आणि माझं लेकरू जिथे असेल तिथे सुखी राहो म्हणून अक्षता टाकते. त्या अक्षता त्या लेकराला राखतात. दिव्यांच्या अवसेच्या कहाणीत सून स्वतः खाते आणि आळ उंदरांवर घेते. उंदीर सूड घेतात, सून घराबाहेर पडते आणि शेवटी गावातले दिवे एका झाडावर जमून खरं काय ते बोलतात.

या गोष्टींत राजे आहेत, राण्या आहेत, बोलणारे प्राणी आहेत, शाप आणि उःशाप आहेत. पण घर मात्र आपलंच आहे. चूल, दूध, सासू, सून, वासरू. विलायती परीकथेत पंखवाली परी येते, इथे दारात येणारी म्हातारीच देवी निघते. चित्रकारापुढची अडचण नेमकी हीच. आटपाट नगर कुणी पाहिलेलं नाही, पण तिथली बाई मात्र रोज दिसते.

धुरंधरांनी ती रोज दिसणारी बाईच काढली. नऊवारीचा काष्टा कसा बसतो, पदर कमरेला कसा खोचतात, घागर कुठल्या बाजूला घेतात, नथ, पाटल्या, पगडीचा पीळ, हे सगळं त्यांना पुस्तकात शोधावं लागलं नाही. त्यामुळे त्यांची राणी सिंहासनावर बसली तरी आपल्यातली वाटते.

जलरंगाचं काम तसं बेभरवशाचं. तैलरंगात चुकलं तर वरून दुसरा थर देता येतो. पाण्याच्या रंगात पांढरा भाग म्हणजे कोरा सोडलेला कागद. तो आधीच ठरवून राखावा लागतो. हलका रंग आधी, गडद नंतर. ब्रशमध्ये पाणी जास्त झालं की रंग पसरतो, कमी झालं की कडा उठतात. आणि चित्र चांगलं उतरलं तरी शेवट छापखान्यात. रंग वेगवेगळे करून ठसे बनवायचे, एकावर एक छापायचे. ठसा केसभर हलला की चेहरा बिघडला. हे सगळं डोक्यात ठेवून चित्र काढावं लागे.

त्याच वर्षी जन्मलेला दुसरा एक चित्रकार

योगायोग असा की ज्या १८६७ साली धुरंधर जन्मले, त्याच साली लंडनमध्ये आर्थर रॅकहॅम जन्मले. ग्रिमबंधूंच्या परीकथा आणि पीटर पॅन यांची रॅकहॅम यांनी जलरंगात काढलेली चित्रं जगभर गाजली. १९०६ ते १९१४ हा काळ इंग्लंडमध्ये अशा रंगीत गोष्टींच्या पुस्तकांचा बहराचा काळ होता. नाताळच्या भेटीसाठी ही पुस्तकं विकली जात. हिंदुस्थानच्या गोष्टींनाही मागणी आली. १९१२ ला मॅकमिलननेच बंगालच्या लोककथांचं पुस्तक रंगीत चित्रांसह काढलं, पण त्याची चित्रं वॉरविक गोबल या इंग्रज चित्रकाराची होती. दख्खनच्या कहाण्यांना मात्र त्याच मातीतला चित्रकार मिळाला. हा फरक लहान नाही.

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. या कहाण्या पिढ्यान् पिढ्या बायकांनी सांगितल्या, त्यांचं नाव कुठेच नाही. इंग्रजी पुस्तक इंग्रजी वाचणाऱ्या घरात गेलं. श्रावणात हातात अक्षता धरून कहाणी ऐकणाऱ्या बाईपर्यंत ही चित्रं पोचली नाहीत. तिच्यापुढे होता तो जिवतीचा साधा कागद. चित्र ज्यांच्याबद्दल होतं त्यांनी ते पाहून बरंवाईट बोलायची सोयच नव्हती.

टीका आणि मान

पुढे किंकेड यांच्याच विक्रम राजाच्या गोष्टींनाही धुरंधरांनी चित्रं दिली. १९२० च्या ‘विमेन ऑफ इंडिया’ या ऑटो रॉथफेल्ड यांच्या पुस्तकासाठी त्यांनी देशातल्या वेगवेगळ्या जातीजमातींच्या बायका जलरंगात काढल्या. लोकप्रियता भरपूर होती.

पण काळ बदलत होता. कलकत्त्यात हॅवेल आणि अवनींद्रनाथ टागोर यांनी वेगळी वाट धरली होती. समोरचा माणूस जसाच्या तसा काढणं ही विलायती रीत, हिंदी चित्रकाराने अजिंठ्याकडे, जुन्या लघुचित्रांकडे वळावं, असं त्या मंडळींचं म्हणणं. त्या मोजपट्टीवर धुरंधर जुने ठरले, साहेबी वळणाचे ठरले. जो माणूस आयुष्यभर नऊवारी आणि पगडी काढत आला त्याच्याच चित्राला परकं म्हटलं गेलं. धुरंधरांनी आपली रीत सोडली नाही. नवी दिल्ली उभी राहत होती तेव्हा तिथल्या सरकारी इमारतीत भिंतीवरची चित्रं काढायचं काम जे. जे. स्कूलला मिळालं, त्यातही त्यांचा वाटा होता.

१९२७ ला त्यांना रावबहादूर किताब मिळाला. १९३० च्या सुमारास जे. जे. स्कूलच्या संचालकपदाचा कार्यभार त्यांच्याकडे आला. त्या खुर्चीवर बसलेले ते पहिले भारतीय. पण ती खुर्ची मिळाली तेव्हा निवृत्ती दारात उभी होती. १९३१ ला ते निवृत्त झाले. चाळीस वर्षं शाळेत घालवून प्रमुखपण मिळालं ते असं शेवटी शेवटी, आणि तेही हंगामी.

शिकायला आले तेव्हापासून निवृत्तीपर्यंतचा काळ एकेचाळीस वर्षांचा. आत्मचरित्राला त्यांनी नाव दिलं ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’. मराठीत चित्रकाराने लिहिलेलं असं पुस्तक तेव्हा दुर्मीळ होतं. १ जून १९४४ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं.

लेकीने जपलेला ठेवा

त्यांची मुलगी अंबिका १९१२ सालची. कहाण्यांचं पुस्तक निघालं तेव्हा ती जेमतेम दोन वर्षांची होती. पुढे तीही जे. जे. मध्ये शिकली आणि चित्रकार झाली. मुलींनी कलाशाळेत जाणं तेव्हा सोपं नव्हतं, पण घरातूनच पाठबळ होतं. वडिलांच्या मागे त्यांची चित्रं आणि कागदपत्रं तिने जपली. स्वतःच्या आठवणीही ‘माझी स्मरणचित्रे’ या नावाने लिहिल्या. २००९ ला तिचं निधन झालं. मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात २०१८ ला धुरंधरांच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरलं, तेव्हा अनेकांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं.

आता त्या १९१४ च्या पुस्तकाचा हक्काचा काळ केव्हाच संपला आहे. ते इंटरनेटवर फुकट उपलब्ध आहे. पुस्तक लंडनला निघालं तेव्हा आपला भाग नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात होता. १९५६ ला विदर्भ तिकडे गेला आणि आपण इकडे राहिलो. २०२३ ला पांढुर्णा जिल्हा झाला. सीमा बदलल्या, पोरांची शाळा हिंदीत गेली, तरी श्रावण अमावस्येनंतरच लागतो आणि शुक्रवारी जिवतीची कहाणी होतेच.

येत्या श्रावणात कहाणी वाचताना मोबाइलवर ती चित्रंही उघडता येतील. आजीला दाखवता येतील. राणीचा काष्टा बरोबर बसला आहे की नाही, हे लंडनच्या वाचकापेक्षा तीच नीट सांगू शकेल.