टस्कीगीचे हेडमास्तर : बुकर टी. वॉशिंग्टन

वीणा गवाणकरांचे 'एक होता कार्व्हर' ज्या घरात वाचले गेले नाही असे मराठी घर विरळाच. भुईमुगाचा तो शास्त्रज्ञ आपल्याला घरच्यासारखा वाटतो. पण १८९६ साली त्याला अलाबामातल्या टस्कीगीला बोलावून घेणारे हेडमास्तर मात्र त्या पुस्तकाच्या पानांतच राहून गेले. त्यांची आठवण व्हायला आणखी एक निमित्त आहे. हायस्कूलमधल्या मुलांचे पुढच्या वर्षाचे विषय निवडण्याचे कागद घरी येतात, तेव्हा त्यात गणित-विज्ञानाच्या जोडीला वेल्डिंग, मोटारदुरुस्ती, नर्सिंगचे प्राथमिक शिक्षण, सुतारकाम असे विषयही असतात. आपल्या घरांत ते पान बहुधा न वाचताच उलटले जाते. हे विषय आपल्या मुलांसाठी नव्हेत, अशी समजूत. मग ते कोणाच्या मुलांसाठी? हा प्रश्न या देशात शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी फार कडवटपणे विचारला गेला, आणि त्या वादाच्या मध्यभागी उभे होते बुकर वॉशिंग्टन.

बुकरचा जन्म १८५६ साली व्हर्जिनियातल्या एका शेतावर, गुलामाच्या खोपटात झाला. आई जेन त्या शेतावरची स्वयंपाकीण. वडील कोणी गोरे होते, एवढेच. १८६५ मध्ये युद्ध संपून गुलामी गेली तेव्हा पोर नऊ वर्षांचे होते. कुटुंब वेस्ट व्हर्जिनियातल्या मॉल्डन गावी गेले. तिथे सावत्र बापाबरोबर तो मिठाच्या भट्टीवर कामाला लागला, पुढे कोळशाच्या खाणीतही उतरला. त्याला पहिल्यांदा ओळखता आला तो १८ हा आकडा, कारण सावत्र बापाच्या पिंपांवर तोच घातलेला असे. शाळेत नाव घालताना मास्तरांनी पूर्ण नाव विचारले. आडनाव असते हेच त्याला तोवर माहीत नव्हते. त्याने बेधडक 'वॉशिंग्टन' असे सांगून टाकले! भट्टीवर नऊ वाजेपर्यंत काम आणि शाळाही नऊलाच, म्हणून हा पठ्ठ्या कचेरीतल्या घड्याळाचा काटा रोज साडेआठावरून नऊवर सरकवी. शेवटी मुकादमाने घड्याळ पेटीत कुलूपबंद केले.

खाणीतल्या माणसांच्या बोलण्यातून त्याला व्हर्जिनियातल्या हॅम्प्टनच्या शाळेचे नाव कळले. तिथे कृष्णवर्णीय मुलांना काम करून शिकता येत होते. १८७२ साली सोळा वर्षांचा बुकर निघाला. वाट सुमारे पाचशे मैलांची. थोडी गाडीने, बरीच पायी. रिचमंड शहरात पैसे संपले, तेव्हा लाकडी फुटपाथच्या खाली झोपून आणि बंदरात जहाजातले लोखंड उतरवून त्याने पुढच्या वाटेची सोय केली. हॅम्प्टनला पोहोचल्यावर शिक्षिकाबाईंनी परीक्षा घेतली ती पुस्तकाची नव्हे, एक वर्ग झाडायला सांगितला. त्याने तो तीनदा झाडला आणि चारदा पुसला. बाईंनी हातरुमाल फिरवून पाहिला, त्याला धूळ लागली नाही. प्रवेश मिळाला, आणि इमारतीची झाडलोट करून शिकण्याची सोयही झाली. तो हॅम्प्टनमध्ये खोल्या झाडत होता त्याच काळात, १८७३ साली, पुण्यात जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' लिहून ती गुलामांची मुक्तता करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केली, हा योगायोग मला नेहमी विलक्षण वाटतो.

१८८१ साली अलाबामा राज्याने टस्कीगी गावात कृष्णवर्णीयांसाठी शाळा काढायला वर्षाला २,००० डॉलर मंजूर केले. या शाळेसाठी धडपडणारा लुईस अॅडम्स हा पूर्वीचा गुलाम, धंद्याने पत्र्याचे व चामड्याचे काम करणारा कारागीर होता. हॅम्प्टनचे प्रमुख जनरल आर्मस्ट्राँग यांनी शिक्षक म्हणून वॉशिंग्टन यांचे नाव सुचवले. ते येऊन पाहतात तो जमीन नाही, इमारत नाही, आणि सरकारी पैसा फक्त पगारासाठी! ४ जुलैला चर्चजवळच्या एका मोडक्या खोपटात ३० विद्यार्थ्यांवर शाळा सुरू झाली. पाऊस आला की एक विद्यार्थी उठून मास्तरांच्या डोक्यावर छत्री धरी.

मग ५०० डॉलरला एक पडीक शेत घेतले, त्यासाठीही हॅम्प्टनच्या खजिनदारांकडून हातउसने आणून. झाडे तोडायची होती, पण विद्यार्थी नाखूष. आम्ही शिकायला आलो, कुऱ्हाड चालवायची तर गुलामीत काय वाईट होते, असा त्यांचा सूर. आईबापांचीही पत्रे येत, की मुलाला पुस्तके द्या, काम नको. या तक्रारीला हसण्यात अर्थ नाही. ज्यांच्या पिढ्यान्पिढ्या चाबकाखाली राबल्या, त्यांना कष्टांतून सुटका म्हणजेच शिक्षण वाटले तर नवल काय? वॉशिंग्टन वादात पडले नाहीत. दुपारी शाळा सुटली की स्वतः कुऱ्हाड घेऊन रानात जात. हळूहळू मुले मागून येऊ लागली.

विटांची गोष्ट तर फारच नामी आहे. गावात वीटभट्टी नव्हती, आणि मास्तरांना विटांतले ओ की ठो कळत नव्हते. गुडघाभर चिखलात उभे राहून मुलांनी विटा पाडल्या. पहिली भट्टी फसली, दुसरी फसली, तिसरीही फसली. पैसे संपले तेव्हा वॉशिंग्टन यांनी माँटगोमेरीला जाऊन आपले घड्याळ १५ डॉलरला गहाण टाकले. चौथी भट्टी साधली. घड्याळ काही सुटले नाही, पण आजूबाजूचे गोरे लोक विटा विकत घ्यायला येऊ लागले. दिवसा काम आणि रात्री वर्ग अशी सोय झाल्याने फी भरू न शकणारा मुलगाही शिकू लागला. आपल्याकडे १९१९ पासून कर्मवीर भाऊराव पाटलांनी 'कमवा आणि शिका' म्हणून जे उभे केले, त्याच्याशी हे किती जुळते! इमारतींचे आराखडे पुढे रॉबर्ट टेलर यांनी काढले. एमआयटीतून पदवी घेतलेले ते पहिले कृष्णवर्णीय. बांधकाम विद्यार्थ्यांच्या हातचे. लोहारकाम, छपाई, शिवणकाम, शेती असे कितीतरी धंदे तिथे शिकवले जाऊ लागले.

१८९५ साली अॅटलांटातल्या भाषणाने ते देशभर गाजले. आधी हुन्नर आणि पैसा कमवू, हक्क मागून येतील, असा त्यांचा रोख होता. गोऱ्या श्रोत्यांना तो फारच आवडला, आणि तिथेच खटकले. हार्वर्डचे डॉक्टरेट असलेले डु बॉइस यांनी १९०३ मध्ये आपल्या पुस्तकात खरमरीत टीका केली. मतदान, नागरी हक्क आणि उच्च शिक्षण सोडून द्यायला सांगणारा पुढारी आपल्या लोकांना कायमचे खालच्या पायरीवर बसवतो, असा त्यांचा आक्षेप. तो खोटा नव्हता. १९०१ च्या नव्या राज्यघटनेने अलाबामातल्या कृष्णवर्णीयांचे मत जवळजवळ हिरावून घेतले होते, आणि ज्या कामगार संघटनांच्या हाती धंदे होते त्यांतल्या अनेकांचे दार त्यांना बंद होते. हुन्नर होता, नोकरी नव्हती.

पण माणूस वरून दिसे तेवढा सरळ नव्हता. मताधिकाराच्या खटल्यांना ते गुपचूप पैसे पुरवीत. आणि मुलगी पोर्शिया हिला त्यांनी पियानो शिकायला थेट बर्लिनला धाडले! बापाच्या मनात काय होते ते यावरून समजावे.

१९१५ च्या नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कला ते आजारी पडले. डॉक्टरांनी आशा सोडली, तेव्हा हट्टाने गाडीत बसून टस्कीगीला परतले आणि १४ तारखेला पहाटे, वयाच्या ५९ व्या वर्षी, गेले.

त्यानंतर दोनच वर्षांनी स्मिथ-ह्यूज कायदा होऊन हायस्कुलांतल्या धंदेशिक्षणाला केंद्राचा पैसा मिळू लागला. पैसा आला तशी वाटणीही आली. गरिबांची आणि कृष्णवर्णीयांची मुले कारखान्याच्या वर्गात, साहेबांची मुले कॉलेजच्या वर्गात, असे वर्षानुवर्षे चालले. २००६ साली कायद्यात शब्द बदलून 'करिअर अँड टेक्निकल एज्युकेशन' झाला, आणि आता पुष्कळ ठिकाणी या वर्गांतूनच कॉलेजचे क्रेडिटही मिळते. सगळीकडे मिळत नाही. तेव्हा कागद उलटण्यापूर्वी, या वर्गानंतर पुढे कॉलेजला जाता येते का, एवढे तरी काउन्सेलरला विचारावे.

टस्कीगी आता विद्यापीठ आहे. तिथे इंजिनिअर आणि पशुवैद्य तयार होतात. विद्यार्थ्यांनी भाजलेल्या विटांचे वॉशिंग्टन यांचे घर अजून उभे आहे, आणि वास्तुकला व बांधकामशास्त्र मिळून एकच विभाग आहे. त्याला रॉबर्ट टेलर यांचे नाव दिले आहे.