रेव्हरंड टिळक

इ. स. १९०७ साली जळगाव येथे मराठी कवींचे पहिले संमेलन भरले होते. आदल्याच वर्षी खानदेशाचे दोन जिल्हे झाले होते. जळगाव हे पूर्व खानदेशाचे व धुळे हे पश्चिम खानदेशाचे मुख्य ठाणे बनले होते. संमेलनासाठी दूरदूरचे कवी जमले. जवळच्याच धरणगावी जन्मलेला त्र्यंबक बापूजी ठोंबरे नावाचा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा त्या सभेत कविता म्हणण्यास उभा राहिला. ती ऐकून सारी सभा थक्क झाली. अध्यक्ष डॉ. कीर्तिकर यांनी त्याला बालकवी ही पदवी दिली. त्या सभेत एक ख्रिस्ती धर्मोपदेशकही होते. ते स्वतः मोठे कवी होते. त्यांनी या मुलाचे गुण हेरले आणि पुढे त्याला आपल्या घरी मुलासारखे वागविले. हेच रेव्हरंड नारायण वामन टिळक.

टिळकांचा जन्म इ. स. १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. आई जानकीबाई प्रेमळ होती. तिला काव्याची गोडी होती. वडील मात्र फार कडक होते. त्यांच्या धाकात नारायणाचे मन कोमेजून जाई. आई वारल्यावर तर घरात त्याला थाराच उरला नाही. लहान वयातच तो घर सोडून नाशिकला गेला. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी त्याने संस्कृत विद्या संपादन केली.

इ. स. १८८० च्या सुमारास त्यांचा विवाह झाला. त्यांची पत्नी म्हणजेच पुढे लेखिका म्हणून कीर्ती मिळविणाऱ्या लक्ष्मीबाई होत. परंतु टिळकांचे चित्त एका जागी ठरत नसे. कधी त्यांनी शिक्षकाची नोकरी केली, कधी पुराण सांगितले, कधी छापखान्यात खिळे जुळविले. मनात येईल तेव्हा ते कोणास न सांगता घरातून निघून जात. हाती आलेला पैसा एखाद्या गरजूला देऊन मोकळे होत. कोणाचा हुकूम त्यांना सोसत नसे. असा मनुष्य स्वतंत्र आहे असे लोकांना वाटे. परंतु खरे पाहता ते स्वतःच्या लहरीचेच बांधलेले होते. राग आला की राग त्यांना ओढून नेई, आणि कंटाळा आला की कंटाळा. मागे पत्नीला किती हाल सोसावे लागत, याचा विचार त्यांना पुष्कळदा सुचत नसे.

इ. स. १८९१ साली ते नागपुरास संस्कृत ग्रंथांच्या भाषांतराचे काम करू लागले. देशाची दुर्दशा पाहून त्यांचे मन तळमळत असे. जातिभेद नाहीसा करील आणि सर्वांना बंधुभावाने जोडील असा धर्म कोणता, याचा ते शोध करीत होते. इ. स. १८९३ साली आगगाडीने राजनांदगावास जात असता त्यांची एका अनोळखी युरोपियन प्रवाशाशी गाठ पडली. दोघांत काव्याच्या व धर्माच्या गोष्टी झाल्या. निरोप घेताना त्या गृहस्थाने त्यांना नव्या कराराची एक प्रत दिली. तीत येशूने डोंगरावर केलेला उपदेश त्यांच्या वाचनात आला. शत्रूवरही प्रेम करावे, ही शिकवण वाचून त्यांचे अंतःकरण हेलावले. आपण ज्याच्या शोधात होतो तो स्वामी हाच, असे त्यांना वाटले.

स्वामी सापडला, पण त्याची आज्ञा उघडपणे मानणे सोपे नव्हते. त्या काळी ख्रिस्ती झालेल्या मनुष्याला आप्त, मित्र व जात हे सारे गमवावे लागे. तरीही १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईस एका भारतीय उपदेशकाच्या हातून बाप्तिस्मा घेतला.

हे वृत्त कळताच लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. लहानग्या दत्तूला घेऊन त्या माहेरच्या माणसांत राहिल्या. टिळकांना हा वियोग फार जाचला. ते पत्रे लिहीत, भेटीस जात. परंतु त्यांनी पत्नीवर धर्मांतराची सक्ती केली नाही. काही वर्षांनी लक्ष्मीबाई त्यांच्याकडे राहावयास आल्या. प्रथम त्या आपले सोवळेओवळे वेगळे पाळीत असत. टिळकांनी त्यालाही आडकाठी केली नाही. पुढे लक्ष्मीबाईंनी स्वतःच विचार करून जातिभेद टाकला व इ. स. १९०० साली बाप्तिस्मा घेतला. पूर्वी जो मनुष्य क्षणाचाही धीर धरीत नसे, तो पाच वर्षे वाट पाहण्यास शिकला होता. मूळचा तापट स्वभाव पुरता गेला नाही. परंतु त्याला आता लगाम घालणारा कोणी होता.

टिळक कवी होते, म्हणून हे मर्म त्यांना उमगले असावे. शब्द वृत्ताच्या नियमात बसले म्हणजे ते मुके होत नाहीत, उलट गाऊ लागतात. मनुष्याच्या जीवनाचेही तसेच आहे. ख्रिस्ताच्या सेवेला जीवन वाहिल्यावर लोकनिंदेचे भय, पैशाची ओढ आणि उच्च जातीचा अभिमान ही त्यांची जुनी बंधने एकेक करून गळून पडली. संतांनी सांगितलेला दास्यभाव त्यांच्या परिचयाचा होताच. तुकारामांच्या अभंगांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असे ते मानीत.

टिळक अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे राहू लागले. इ. स. १९०४ साली त्यांना धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली. परक्या चालींवर गायिल्या जाणाऱ्या गीतांच्या जोडीला त्यांनी मराठी अभंग, पदे व कीर्तने ख्रिस्ती मंदिरात आणली. फुले, पाखरे व मुले यांवरही त्यांनी गोड कविता रचल्या. याच घरात बालकवींना आश्रय मिळाला. लक्ष्मीबाईंनी त्यांना माया दिली. बालकवी हिंदूच राहिले. टिळकांचे प्रेम त्यामुळे कमी झाले नाही. जो स्वतः मनापासून सेवक झाला होता, त्याला दुसऱ्यावर हुकमत गाजविण्याची हौस उरली नव्हती.

इ. स. १९१७ साली टिळकांनी आणखी एक पाऊल पुढे टाकले. मिशनचा पगार सोडून ते संन्यासी झाले व साताऱ्यास राहू लागले. तेथे त्यांनी देवाचा दरबार ही संस्था स्थापिली. बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा सर्व ख्रिस्तभक्तांना तिचे दार खुले होते. तरुणपणी त्यांनी कितीदा तरी नोकऱ्या सोडल्या होत्या. पण त्या कंटाळून सोडल्या होत्या. हा त्याग मात्र सेवेसाठी होता.

५ मे १९१८ रोजी जळगावजवळील भादली स्थानकावर आगगाडीखाली सापडून बालकवींचा अंत झाला. त्यानंतर वर्षभराने, ९ मे १९१९ रोजी, मुंबईस टिळकांनीही देह ठेवला. त्यांचे ख्रिस्तायन हे महाकाव्य अपुरे राहिले होते. फारसे शिक्षण न मिळालेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे पुरे केले.

मनास येईल तसे वागणे म्हणजे स्वातंत्र्य नव्हे. ते लहरीचे दास्य होय. जे थोर व पवित्र आहे, त्याची आज्ञा आपखुशीने शिरावर घेणाराच खरा मोकळा होतो. रेव्हरंड टिळकांचे जीवन हेच आपणांस शिकविते.