लक्ष्मणराव किर्लोस्कर

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर (२० जून, इ.स. १८६९ – २६ सप्टेंबर, इ.स. १९५६) हे मराठी उद्योजक, यंत्रतज्ज्ञ आणि किर्लोस्कर उद्योगसमूहाचे संस्थापक होते. लोखंडी नांगराच्या निर्मितीपासून आरंभ करून त्यांनी तत्कालीन औंध संस्थानात किर्लोस्करवाडी ही औद्योगिक वसाहत उभारली. हे गाव आज सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात आहे.

== पूर्वायुष्य ==
लक्ष्मणरावांचा जन्म बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकलेची आवड असल्याने इ.स. १८८५ मध्ये ते मुंबईच्या जे.जे. कलाशाळेत दाखल झाले. मात्र अंशतः रंगांधळेपणा असल्याचे लक्षात आल्यावर त्यांना रंगकाम सोडावे लागले. त्यानंतर ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले व व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. अभियांत्रिकीची पदवी त्यांच्याकडे नव्हती. यंत्राचा प्रत्येक भाग कागदावर उतरवणे आणि कर्मशाळेत प्रत्यक्ष हाताळणे, हेच त्यांचे यंत्रशिक्षण ठरले. बढतीत डावलले गेल्यावर त्यांनी नोकरी सोडली.

== बेळगावातील उद्योग ==
थोरले बंधू रामचंद्र ऊर्फ रामुअण्णा यांच्यासह त्यांनी इ.स. १८८८ पासून बेळगावात सायकल विक्रीचा व्यवसाय चालवला होता. नोकरी सोडल्यावर लक्ष्मणरावांनी तेथे कडबा कापण्याची यंत्रे व पुढे लोखंडी नांगर तयार करण्यास सुरुवात केली. लोखंडामुळे जमीन नासते, असा शेतकऱ्यांचा समज होता. त्यामुळे पहिला नांगर विकला जाण्यास सुमारे दोन वर्षे लागली.

== किर्लोस्करवाडी ==
नव्या वसाहतीसाठी जागा हवी असल्याने बेळगाव नगरपालिकेने कारखाना हलवण्यास सांगितले. या सुमारास लक्ष्मणराव साताऱ्याजवळील औंध येथे देवीच्या मंदिराच्या सभामंडपाचे काम करीत होते. त्यांची अडचण कळल्यावर औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळची ओसाड, निवडुंगाने भरलेली जमीन देऊ केली व बिनव्याजी कर्जही दिले. इ.स. १९१० मध्ये कारखाना तेथे हलवण्यात आला आणि वस्तीला किर्लोस्करवाडी हे नाव मिळाले.

पहिल्या महायुद्धाच्या काळात लोखंड व कोळशाची आयात थांबली आणि कारखाना बंद पडण्याची वेळ आली. तेव्हा जुन्या तोफा वितळवून ओतीव भाग तयार करण्यात आले व भट्टीसाठी लाकडी कोळसा वापरण्यात आला. इ.स. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड कंपनीची नोंदणी झाली.

== पंप आणि इंजिने ==
नांगरानंतर ऊस गाळण्याचे चरक, भुईमूग फोडणी यंत्रे व पंप यांचे उत्पादन सुरू झाले. इ.स. १९२६ च्या सुमारास किर्लोस्करवाडीत केंद्रोत्सारी पंप बनू लागले. बैलांच्या मोटेची संथ गती अशा पंपास पुरत नाही. त्याचा पंखा वेगाने फिरवण्यासाठी इंजिन किंवा विजेची मोटार लागते. त्यामुळे पंपाच्या प्रसाराबरोबर खेडोपाडी इंजिनांची गरज वाढली. लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव यांच्या पुढाकाराने इ.स. १९४६ मध्ये पुण्यात खडकी येथे किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली.

डिझेल इंजिनात ठिणगी देणारा प्लग नसतो. दाबाने तापलेल्या हवेत इंधनाचा फवारा सोडला की ते पेट घेते. त्यामुळे इंजिन सुरू न झाल्यास इंधन, हवा व दाब या तीन गोष्टी प्रथम तपासल्या जातात. धुराड्यातून काळा धूर येणे हे इंधन पूर्ण न जळल्याचे लक्षण असते. विजेशिवाय चालणारे व गावच्या मिस्त्रीस दुरुस्त करता येईल असे इंजिन विहिरीवरच्या शेतीस उपयुक्त ठरले.

== सामाजिक दृष्टिकोन ==
लक्ष्मणरावांनी किर्लोस्करवाडीत अस्पृश्यता पाळण्यास मनाई केली. शिक्षा भोगून आलेल्या व्यक्तींना त्यांनी रात्रीच्या पहाऱ्याचे काम दिले. पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनी संपादित केलेली ''किर्लोस्कर'', ''स्त्री'' व ''मनोहर'' ही मासिके येथूनच निघू लागली.

== अखेरची वर्षे ==
महात्मा गांधींच्या हत्येनंतर इ.स. १९४८ मध्ये उसळलेल्या दंगलीत किर्लोस्करवाडीच्या कारखान्यास आग लावण्यात आली व मोठे नुकसान झाले. कारखाना पुन्हा उभारण्यात आला. त्याच वर्षी औंध संस्थान विलीन झाले. २६ सप्टेंबर, इ.स. १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त इ.स. १९६९ मध्ये भारतीय टपाल खात्याने तिकीट प्रकाशित केले.