ऑलिम्पिक पदक जिंकणाऱ्या खाशाबांना गुडघ्याने थांबवलं, पण कुस्ती सुटली नाही

खाशाबा जाधव म्हटलं की सगळ्यांना हेलसिंकी आठवतं. 1952 सालचं कांस्यपदक, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक, गावात बैलगाड्यांची मिरवणूक. शाळेच्या पुस्तकापासून व्हॉट्सअॅपच्या फॉरवर्डपर्यंत सगळीकडे गोष्ट तिथेच संपते.

पण पदक मिळालं तेव्हा खाशाबा अवघे 26 वर्षांचे होते. पुढचं ऑलिम्पिक 1956 साली मेलबर्नला होतं, तेव्हा ते तिशीचे असते. पैलवानासाठी हे काही म्हातारपण नव्हे. मग खाशाबा मेलबर्नला का गेले नाहीत?

कारण होतं गुडघा.

त्याआधी हा गडी कोण होता ते बघू. 15 जानेवारी 1926 ला कराडजवळच्या गोळेश्वरमध्ये जन्म. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, त्यामुळे पोराच्या अंगाला माती लागली ती पाचव्या वर्षापासूनच. शिक्षण कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये आणि पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात. मधल्या काळात 1942 चं आंदोलन आलं, त्यातही ते होते.

उंची पाच फूट पाच इंच. अंगाने आडदांड नाही, पण चपळाई अशी की समोरच्याला कळायच्या आत तो खाली. ढाक हा त्यांचा हुकमी डाव. प्रतिस्पर्ध्याची मान बगलेत पकडायची आणि स्वतः वळत त्याला अंगावरून जमिनीवर आणायचं. ह्या डावात सगळं वजन क्षणभर वाकलेल्या गुडघ्यांवर येतं आणि त्याच क्षणी शरीर वळतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

1948 ला कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने ते लंडन ऑलिम्पिकला गेले. आयुष्य लाल मातीत गेलेलं आणि तिथे समोर मॅट. नियमही वेगळे. तरी फ्लायवेट गटात सहावे आले. लंडनमध्ये त्यांना अमेरिकेच्या रीस गार्डनर यांचं मार्गदर्शन मिळालं आणि मॅटवरची कुस्ती वेगळी असते हे डोक्यात पक्कं बसलं.

पुढची चार वर्षं खाशाबांनी मेहनतीत काढली. निवड चाचणीत वाद झाला, तेव्हा त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा कुस्ती लावून घेतली आणि जिंकून दाखवली. पैशांचा प्रश्न होताच. गावाने वर्गणी काढली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले. विद्यार्थ्याच्या प्रवासासाठी घर गहाण टाकणारे प्राचार्य आज शोधून सापडतील का, हा वेगळा विषय.

हेलसिंकीत बँटमवेट गटात, म्हणजे 57 किलोत, त्यांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवलं. जपानच्या शोहाची इशी बरोबरची लढत लांबली आणि ती हातातून गेली. त्यानंतर विश्रांती न मिळता सोव्हिएत संघाच्या मल्लासमोर उभं राहावं लागलं आणि नियम दाखवून भांडायला जवळ एकही भारतीय अधिकारी नव्हता, असं सांगितलं जातं. तिथे हरले आणि कांस्यपदक मिळालं. परत आल्यावर 151 बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पण खाशाबांच्या डोक्यात खर्डेकरांचं घर होतं. कुस्त्यांचे फड लावून त्यांनी पैसे जमवले आणि ते घर सोडवलं.

1955 मध्ये ते पोलीस खात्यात सब-इन्स्पेक्टर म्हणून लागले. नोकरीबरोबर कुस्ती चालूच होती. नजर मेलबर्नवर होती. आणि गुडघ्याने दगा दिला. दुखापत गंभीर होती आणि त्यात 1956 चं ऑलिम्पिक गेलं.

आता थोडं गुडघ्याविषयी, कारण पुण्यात संध्याकाळी फुटबॉल खेळणारे, टेकडीवर पळणारे आणि क्रिकेटची टर्फ बुक करणारे कित्येक जण आज ह्याच गुडघ्यापायी घरी बसलेले असतात.

गुडघा मुळात बिजागरीसारखा. वाकायला आणि सरळ व्हायला उत्तम, पिळायला वाईट. आतले लिगामेंट मांडीचं आणि नडगीचं हाड एकमेकांना धरून ठेवतात, आणि दोन हाडांमध्ये मेनिस्कस नावाच्या कूर्चेच्या गाद्या असतात. पाय जमिनीला चिकटलेला आणि शरीर वळलं, की ह्यातलं काहीतरी फाटतं. मातीत पाय थोडा सरकतो. मॅटवर बूट पकड घेतो, पाय तिथेच राहतो आणि वरचा माणूस फिरतो.

1950 च्या दशकात एमआरआय नव्हता. आत नेमकं काय फाटलंय हे बाहेरून चाचपून ठरवावं लागे. दुर्बिणीतून गुडघ्याचं ऑपरेशन, जे आज पुण्यातल्या अनेक रुग्णालयांत सर्रास होतं, ते तेव्हा आपल्याकडे नव्हतं. बहुतेकदा उपाय एकच, पाय हलवू नका. प्लास्टर, पट्ट्या, शेक, मालीश आणि महिनोन्‌महिने आराम.

आराम हा शब्द ऐकायला बरा वाटतो. पैलवानाला मात्र तो महागात पडतो. पाय काही आठवडे बांधून ठेवला की मांडी नजरेला दिसेल इतकी बारीक होते. त्यात गुडघ्याला सूज असेल तर मज्जासंस्था मांडीच्या पुढच्या स्नायूला जणू ब्रेक लावते. माणूस जोर लावतो, पण स्नायू पूर्ण ताकदीने आवळतच नाही. म्हणजे दुखणं कमी झालं तरी पायात पूर्वीचा दम नसतो. अशा पायावर ढाक मारायला गेलं तर दुसरी दुखापत ठरलेली.

दुसरी अडचण खुराकाची. रोजच्या शेकडो बैठका, जोर आणि लढती बंद झाल्या, पण भूक तीच आणि दूध-तूप-बदामाची सवय तीच. खात राहिलं तर वजन चढतं, आणि 57 किलोच्या गटात एकेक किलो मोजला जातो. घाबरून खाणंच तोडलं तर आधीच आटणारे स्नायू आणखी आटतात. आजचे आहारतज्ज्ञ दुखापतीत तूप-साखर कमी करायला सांगतात, पण प्रथिनं कमी करू देत नाहीत. दूध, अंडी, डाळी, मटण ह्यांना सुट्टी नाही.

उपचारांची दिशाही आता उलटी झालीय. पूर्वी पाय बांधून ठेवायचे, आता ऑपरेशननंतर लगेच फिजिओथेरपिस्ट मांडी आवळायला लावतात, पाय सरळ ठेवून उचलायला लावतात, मग हळूहळू सायकल, मग पाणी. शाबूत पायाचा आणि हातांचा व्यायाम चालू ठेवायचा, कारण एका पायाला ताकदीचा सराव दिला की त्याचा थोडा फायदा दुसऱ्या पायालाही होतो, असं संशोधनात दिसलंय. मुख्य लिगामेंटच्या ऑपरेशननंतर मैदानात परतायला साधारण नऊ महिने थांबायला सांगतात. तिसऱ्या महिन्यात चालताना काही दुखत नाही म्हणून टर्फवर उतरणारे पुन्हा त्याच डॉक्टरांकडे दिसतात.

हे सगळं झालं शरीराचं. ज्याचा दिवस पहाटे मेहनतीने सुरू होतो, ज्याचे मित्र तालमीतले, ज्याची ओळखच पैलवान, त्याचं आखाडा बंद झाल्यावर काय उरतं? पुण्यातल्या पेठांमधल्या जुन्या तालमींनी ह्यावर आपला उपाय शोधलेला आहे. जायबंदी पैलवान घरी बसत नाही. तो हौद्याच्या कडेला बसतो, पोरांचे डाव बघतो, चुकलं की ओरडतो. माझ्या मते हा उपाय भारी आहे. रोजची वेळ तीच राहते, माणसं तीच राहतात आणि डोकं कुस्तीतच राहतं. आजचे क्रीडा मानसशास्त्रज्ञही जखमी खेळाडूला संघापासून तोडू नका असंच सांगतात.

खाशाबाही कुस्तीपासून तुटले नाहीत. ऑलिम्पिकचं दार बंद झालं, पण पोलीस खात्याच्या स्पर्धा त्यांनी गाजवल्या आणि पुढे क्रीडा प्रशिक्षक म्हणून काम केलं. एकूण 27 वर्षं नोकरी केली आणि सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले.

इथवर वाचून वाटेल की चला, शेवट गोड झाला. तसं नाही. खेळाडूला मैदानातून बाहेर बसवणारी दुखापत एक असते आणि व्यवस्थेने बाहेर बसवणं वेगळं. निवृत्तीनंतर पेन्शनसाठी त्यांना झगडावं लागलं. स्वतंत्र भारताच्या पहिल्या वैयक्तिक ऑलिम्पिक पदकविजेत्याला पद्म पुरस्कार नाही. दिल्लीच्या 1982 च्या आशियाई स्पर्धेत मशाल घेऊन धावणाऱ्यांमध्ये त्यांना मान मिळाला, तेवढंच. दोन वर्षांनी, 14 ऑगस्ट 1984 ला, रस्ता अपघातात ते गेले. वय 58.

शिवछत्रपती पुरस्कार आणि अर्जुन पुरस्कार दोन्ही मरणोत्तर. वैयक्तिक ऑलिम्पिक पदकासाठी भारताला त्यांच्यानंतर 44 वर्षं थांबावं लागलं, 1996 ला लिअँडर पेसपर्यंत. महाराष्ट्राची प्रतीक्षा तर 72 वर्षांची. ती पॅरिसमध्ये 2024 ला नेमबाज स्वप्नील कुसाळेने संपवली. मूळचा कोल्हापूरचा, नोकरी तेव्हा पुण्यात रेल्वेत. पदकही खाशाबांसारखंच कांस्य.

आता 15 जानेवारी हा राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या क्रीडा संकुलाला खाशाबांचं नाव दिलंय. तिथे सराव करणाऱ्या पोरांपैकी कुणाचा तरी गुडघा आत्ताही पट्टीत असेल.